अत्तिमब्बेच्या हजार पोथ्या



श्रुतपंचमीला आमच्याकडे ग्रंथांचे कपाट रिकामे करायची पद्धत आहे. सकाळची पूजा आटोपली की शास्त्रे एकेक करून खाली घ्यायची, मऊ फडक्याने पुसायची, जुनी वेष्टने सोडून नवी बांधायची आणि कप्प्यांत लवंगांच्या पुरचुंड्या ठेवायच्या. यंदा मदतीला पुतणी होती. ती कॉलेजात शिकते, कथा लिहिते. दोन दिवाळी अंकांकडे कथा पाठवून उत्तराची वाट पाहते आहे. वेष्टनाची गाठ मारता मारता तिने विचारले, "काकू, लेखिका व्हायला नेमकं काय लागतं गं?"

मी म्हणाले, "भरपूर वाच आणि रोज लिही." उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे मला त्याच कपाटातल्या एका रिकाम्या जागेने आठवून दिले.

तिथे माझ्या सासूबाईंची वही असायची. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण बारशाचे पाळणे, डोहाळजेवणाची गाणी, महावीर जयंतीला बस्तीत म्हणायची पदे त्या स्वतः रचायच्या. गल्लीतल्या बायका ती म्हणायच्या आणि कोणाची आहेत हे कोणी विचारायचेही नाही. सासूबाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा ती वही रद्दीत गेली. रद्दीचा गठ्ठा मीच बांधला होता. वहीचे पुठ्ठे फाटलेले होते, वर नाव नव्हते, मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. ही चूक मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आज सांगते, कारण तिच्याशिवाय पुढची गोष्ट सांगायला मला तोंड नाही.

गोष्ट आहे हजार वर्षांपूर्वीची. एका कवीची, आणि त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या एका श्राविकेची.

बांगडीवाल्याच्या घरचा मुलगा

कन्नड साहित्यात पंप, पोन्न आणि रन्न या तीन कवींना 'रत्नत्रय' म्हणतात. तिघेही दहाव्या शतकातले आणि तिघेही जैन. त्यांतला सर्वांत धाकटा रन्न. त्याचा जन्म 949 सालचा, गाव मुधोळ. म्हणजे आपल्या जमखंडीजवळचे. सांगली-मिरजेकडच्या कितीतरी घरांचे त्या भागाशी आजही सोयरसंबंध आहेत. वडिलांचे नाव जिनवल्लभ, आईचे अब्बलब्बे. घरचा धंदा बांगड्या विकण्याचा.

अशा घरातल्या मुलाला कवी व्हायचे होते. त्या काळी पुस्तक छापून विकता येत नव्हते. कवीचे पोट चालायचे ते कोणा राजाच्या, सेनापतीच्या किंवा मोठ्या श्रावकाच्या आधाराने. आणि तो आधार मिळवायचा तर आधी विद्या हवी. रन्न घर सोडून दक्षिणेला गंगांच्या राज्यात गेला. अजितसेनाचार्य त्याचे गुरू झाले. तिथेच त्याला चामुंडरायाचा आश्रय मिळाला.

चामुंडराय आपल्याला माहीत आहे तो श्रवणबेळगोळच्या बाहुबलींमुळे. सत्तावन्न फुटी मूर्ती ज्याने करवली, तोच हा सेनापती. त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतल्या जुन्या शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, हेही आपण शाळेत शिकलो. पण चामुंडराय स्वतः लेखक होता हे फारसे कोणी सांगत नाही. त्याने 978 साली चोवीस तीर्थंकरांसह त्रेसष्ट शलाकापुरुषांचे चरित्र कन्नड गद्यात लिहिले. म्हणजे रन्नाला आधार देणारा माणूस स्वतः लिहिण्याचे कष्ट जाणणारा होता. समोरच्या चंद्रगिरीच्या खडकावर रन्नाचे 'कविरत्न' हे बिरुद कोरलेले आहे. बांगडीवाल्याच्या मुलाने आपले नाव दगडावर लिहिले, तेव्हा त्याला काय वाटले असेल!

रन्न लिहायला कसा शिकला

पुतणीला मी म्हटले 'भरपूर वाच'. रन्नाने नुसते भरपूर वाचले नाही, तर एका कवीला फार बारकाईने वाचले. पंप त्याच्या एक पिढी आधीचा. त्याने सगळे महाभारत कन्नडमध्ये आणले होते. आता त्याच विषयावर पुन्हा लिहायचे तर काय लिहायचे?

रन्नाने सगळे महाभारत घेतलेच नाही. त्याने युद्धाचा शेवट निवडला, भीम आणि दुर्योधनाचे गदायुद्ध. आधी घडलेले सारे त्याने पात्रांच्या आठवणींतून आणि बोलण्यातून मागे वळून पाहत सांगितले. सिंह चालता चालता मागे वळून पाहतो तसे. आपण सहज वापरतो तो 'सिंहावलोकन' हा शब्द त्याने स्वतःच आपल्या रचनेसाठी वापरला आहे. 'गदायुद्ध' हा दहा आश्वासांचा ग्रंथ इतका संवादांनी भरलेला आहे की विसाव्या शतकात बी. एम. श्रीकंठय्या यांनी त्यातून नाटक तयार केले.

म्हणजे मोठा विषय, पण छोटा तुकडा निवडायचा. शेवटाजवळून सुरुवात करायची आणि माणसांना बोलू द्यायचे. आजही कोणी कथा लिहायला शिकत असेल तर तिला याहून वेगळे काय सांगणार?

शब्दांची बेगमीही त्याने केली असावी. 'रन्नकंद' नावाचा एक लहानसा शब्दकोश त्याच्या नावावर आहे. जुन्या कन्नड शब्दांचे अर्थ पद्यात बांधलेले. त्याचा थोडासाच भाग आज उरला आहे. आपण उन्हाळ्यात सांडगे-पापड करून डबे भरून ठेवतो, तसे लिहिणाऱ्याने शब्द साठवून ठेवायचे असतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'गदायुद्ध' लिहिले तेव्हा रन्न चालुक्यांच्या दरबारात होता. चालुक्य राजा तैलपाने त्याला 'कविचक्रवर्ती' ही पदवी दिली होती. तैलपाचा मुलगा सत्याश्रय. त्याला रन्नाने काव्यात भीमाच्या जागी ठेवले, कारण आश्रयदात्याचा गौरव करणे हा तेव्हाच्या लेखनाचा व्यवहार होता. पण काव्य वाचणाऱ्याचे काळीज हलते ते दुर्योधनासाठी. रणांगणावर भावांची, मुलाची, मित्राची प्रेते पाहत जाणारा दुर्योधन रन्नाने इतका माणूस करून उभा केला आहे. व्यवहार सांभाळला आणि मनातले खरेही लिहिले. लेखणीवर पोट भरणाऱ्या प्रत्येकाला हा तोल शिकावा लागतो.

दोन बहिणी

आता अत्तिमब्बेकडे येते.

तिच्या वडिलांचे नाव मल्लप. मल्लप आणि पुन्नमय्य हे दोघे भाऊ. त्यांचे गुरू जिनचंद्रदेव यांचे देहावसान झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ या भावांनी पोन्न कवीकडून सोळावे तीर्थंकर शांतिनाथांचे चरित्र लिहवून घेतले. तोच 'शांतिपुराण' ग्रंथ. म्हणजे अत्तिमब्बे अशा घरात वाढली, जिथे शोकाच्या वेळी ग्रंथ लिहवून घेण्याचा विचार सुचत होता.

अत्तिमब्बे आणि तिची धाकटी बहीण गुंडमब्बे या दोघी नागदेव नावाच्या चालुक्य सेनापतीला दिल्या होत्या. नागदेव तरुणपणीच गेला. गुंडमब्बे त्याच्यामागे सती गेली. अत्तिमब्बे मागे राहिली, पदरात मुलगा अण्णिगदेव होता.

हे लिहिताना मी थांबते. दोन बहिणी एकाच घरात नांदल्या, एकाच दिवशी विधवा झाल्या. एकीने चिता धरली. दुसरीने श्राविकेची व्रते धरली, मुलाला वाढवले आणि पुढचे सगळे आयुष्य धर्माच्या कामाला दिले. धाकटीबद्दल मला वाईट वाटते, तिला नावे ठेवणारी मी कोण! पण ज्या काळात सती जाण्याचे कौतुक व्हायचे, त्या काळात जगायचे ठरवणे आणि त्या जगण्याला काम शोधणे हे किती अवघड असेल, याचा विचार आपण करायला हवा.

हजार प्रती

अत्तिमब्बेने शोधलेले काम असे. वडिलांनी आणि काकांनी लिहवून घेतलेल्या 'शांतिपुराणा'च्या तिने एक हजार प्रती करवून घेतल्या आणि त्या वाटल्या. सोन्याच्या आणि रत्नांच्या पंधराशे जिनमूर्तीही करवल्या.

मूर्तींचे दान आपल्याला लगेच समजते. हजार प्रती म्हणजे काय, हे समजायला मात्र जरा हिशोब करावा लागतो.

तेव्हा पोथी ताडपत्रावर लिहायची. ताडाची पाने आणायची, वाळवायची, घासून गुळगुळीत करायची, एका मापाची कापायची, दोरी ओवायला भोके पाडायची. दक्षिणेत बहुधा लोखंडी टोकदार लेखणीने पानावर अक्षर कोरत. मग वरून काजळी चोळायची. कोरलेल्या रेघेत काळे बसले की अक्षर दिसू लागे. एक अक्षर चुकले तर खोडरबर नाही. पान फाटले तर नवे पान.

समजा, एका लेखकाला एक प्रत करायला एक महिना लागला. मग एकट्या माणसाला हजार प्रतींना त्र्याऐंशी वर्षे लागतील. म्हणजे अत्तिमब्बेने कितीतरी लेखनिक कामाला लावले असणार. त्यांचे जेवणखाण, ताडपत्रांचा पुरवठा, लिहिलेले तपासणे, बांधणे, गावोगावच्या बस्त्यांत आणि घरांत पोहोचवणे हे सगळे त्यात आले. घरात शंभर माणसांचा स्वयंपाक उभा केलेल्या बाईला हे काम काय असते ते कळेल. आज ज्याला आपण प्रकाशन म्हणतो, ते तिने छापखाना येण्याच्या शेकडो वर्षे आधी केले.

आपल्याकडे चार दाने सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिली दोन बायकांच्या हातून रोज घडतात. तिसऱ्यासाठी आपण चातुर्मासात पावती फाडतो आणि मोकळ्या होतो. अत्तिमब्बेने तिसऱ्या दानाला पहिल्याइतकाच घाम गाळला. लोक तिला 'दानचिंतामणी' म्हणू लागले ते उगाच नव्हे.

मग तिने रन्नाला बोलावले. तिच्या आश्रयाखाली रन्नाने 993 साली 'अजितपुराण' पूर्ण केले, दुसरे तीर्थंकर अजितनाथांचे चरित्र. त्यात त्याने अत्तिमब्बेची हकीकतही लिहिली. दोघी बहिणी, नागदेव, ती चिता, त्या हजार प्रती, हे बरेचसे आपल्याला कळते ते या ग्रंथामुळे. तिने कवीला आधार दिला आणि कवीने तिला नाव दिले. दोन्ही टिकले.

रन्नाला मुलगा झाला, त्याचे नाव त्याने चामुंडरायावरून 'राय' ठेवले. मुलगी झाली, तिचे नाव ठेवले अत्तिमब्बे. घरात रोज त्या नावाने हाका मारल्या जात असतील. कृतज्ञता सांगायची याहून साधी रीत मला माहीत नाही.

गदगजवळ लक्कुंडीला अत्तिमब्बेने बांधवलेले जिनालय आजही उभे आहे. तिथला तिच्या दानाचा शिलालेख 1007 सालचा आहे. श्रवणबेळगोळच्या यात्रेला जाताना वाट थोडी वाकडी करून जरूर जा. कर्नाटक सरकार तिच्या नावाने 'दानचिंतामणी अत्तिमब्बे' पुरस्कार देते, आणि तो लिहिणाऱ्या, कलेत रमणाऱ्या स्त्रियांना मिळतो.

जे उरले नाही

आता त्या रिकाम्या जागेकडे परत येते.

रन्नाने चार मोठे ग्रंथ लिहिले, असे मानतात. त्यांतले 'अजितपुराण' आणि 'गदायुद्ध' आज आहेत. 'परशुरामचरित' आणि 'चक्रेश्वरचरित' यांची फक्त नावे उरली आहेत. पोन्नाचेही तसेच. त्याचे 'शांतिपुराण' आज वाचता येते. 'भुवनैकरामाभ्युदय' हे त्याचे दुसरे मोठे काव्य हरवले.

एवढे कविचक्रवर्ती म्हणवणारे कवी, राजांचा आधार असलेले. तरी त्यांचे निम्मे काम नाहीसे झाले. ताडपत्राला वाळवी लागते, आग लागते, पाणी लागते. दर शंभर-दोनशे वर्षांनी कोणी तरी बसून पुन्हा लिहून काढले नाही, तर ग्रंथ संपतो. हजार प्रतींमुळेच 'शांतिपुराण' वाचले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हजार घरांत गेलेली पोथी आणि एकाच पेटीत राहिलेली पोथी यांतली कोणती टिकण्याचा संभव जास्त, हे सांगायला पंडित लागत नाही.

ही गोष्ट फार जुनी झाली असे वाटत असेल, तर आपल्या जवळच्या काळातली सांगते. ज्या षट्खंडागमाच्या लेखनाची आठवण म्हणून आपण श्रुतपंचमी करतो, त्याच्यावरची धवला टीका मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंद होती. लोक दूरदूरून यायचे, दर्शन घ्यायचे आणि परत जायचे. वाचायला मिळायचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी तिच्या प्रती करवून घेण्यासाठी खटपट केली. त्या कामावर गजपती उपाध्याय होते. ग्रंथ बाहेर कोणाला द्यायचा नाही असा तिथे दंडक होता. तेव्हा उपाध्यायांनी गुपचूप आणखी एक प्रत केली, आणि त्या कामात त्यांच्या शिकलेल्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साथ दिली, असे सांगतात. ती प्रत बाहेर आली, तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या आणि 1939 साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग आपल्या अमरावतीहून छापून निघाला.

आज बस्तीत धवलेच्या छापील भागांपुढे आपण अर्घ्य वाहतो. त्यामागे दिव्याच्या उजेडात बसून नक्कल उतरवणारी एक लक्ष्मीबाई आहे. ती गोष्ट आपल्या मुलींना कोणी सांगत नाही.

मग लेखिका कशी होते?

पुतणीला मी संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकल्यावर, हे सगळे सांगितले. मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या प्रश्नाचे पुरे उत्तर तयार केले.

एक, गुरू लागतो. तो माणूस असो वा ग्रंथ. आवडत्या एका लेखिकेची एक कथा हाताने उतरवून काढ. लिहिताना कळते की वाक्य कुठे वळले आणि का वळले. ताडपत्रावर नक्कल करणाऱ्यांना ही शिकवणी फुकट मिळत होती.

दोन, सराव खेळासारखा कर. कन्नड परंपरेत कंती नावाच्या एका जैन कवयित्रीची कथा सांगतात. नागचंद्र कवी अर्धी ओळ टाकायचा आणि ती ताबडतोब पुरी करायची. ती आपली स्तुती कधीच करत नाही म्हणून नागचंद्राने मेल्याचे सोंग घेतले आणि मग तिच्या तोंडून स्तुती ऐकली, अशी दंतकथा आहे. खरीखोटी ती असो, पण अर्धी ओळ पुरी करण्याचा खेळ दोघी मैत्रिणींनी रोज खेळावा असा आहे.

तीन, विषयाचा छोटा तुकडा घे. सगळे महाभारत नको, एकच दिवस पुरे.

चार, व्यवहाराला लाजू नको. रन्न लाजला नाही. मानधन विचारावे, नाव नीट छापले आहे ना ते पाहावे, साभार परत आले तर दुसरीकडे पाठवावे. नुसते प्रेमापोटी लिहिणारी बाई घरच्यांना कायम रिकामटेकडी वाटते.

पाचवी गोष्ट पुतणीसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठी आहे. प्रत्येक रन्नाला एक अत्तिमब्बे लागते. आपल्यातल्या बऱ्याच जणी लिहिणार नाहीत, आणि त्यात कमीपणा नाही. पण लिहिणारीचे पुस्तक विकत घेणे, ते महिला मंडळात वाचणे, तिचे जेवणाचे काम तासभर आपल्यावर घेणे, तिच्या वहीची दुसरी प्रत करून ठेवणे, हे आपल्याला जमेल. हेही शास्त्रदानच आहे, निदान मी ते तसे मानते.

सासूबाईंची वही परत येणार नाही. पण गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांची गाणी अजून पाठ आहेत. गेल्या महिन्यापासून पुतणी आणि मी दर रविवारी एकेकीकडे जातो. त्या म्हणतात, ती लिहिते. आतापर्यंत अकरा पाळणे आणि चार पदे मिळाली. दोन ठिकाणी एकाच पाळण्याची शेवटची ओळ वेगवेगळी निघाली, आम्ही दोन्ही लिहून ठेवल्या.

वहीच्या तीन प्रती करणार आहोत. पहिल्या पानावर सासूबाईंचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहिले आहे.

तुमच्या कपाटातली, माळ्यावरच्या ट्रंकेतली अशी एखादी वही या आठवड्यात उघडून पाहा. रद्दीवाला येण्याआधी.

जय जिनेंद्र.